गर्भातल्या हृदयाची वीज आणि गॅप जंक्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः बायोलॉजीची आणि मेडिकलची मुलं विचारतात, आणि मधेच एखादे आईबाबा हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन विचारतात, म्हणून दोघांनाही कळेल असं लिहिलंय. आईबाबांनी थेट प्रश्न १४ पासून वाचलं तरी चालेल. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण निम्मे प्रश्न त्या एकाच गैरसमजातून येतात: गॅप जंक्शन जास्त म्हणजे हृदय चांगलं, असं नसतं. हृदयाला काही ठिकाणी वीज हळूच जायला हवी असते, आणि त्या हळू जागा गर्भात असतानाच राखून ठेवलेल्या असतात.

१. गॅप जंक्शन म्हणजे नक्की काय? सोप्या भाषेत सांगा.

शेजारच्या दोन पेशींचा आतला भाग थेट जोडणाऱ्या बारीक नळ्या, आणि अशा कितीतरी नळ्यांचा मिळून झालेला एक चट्टा. प्रत्येक नळी दोन अर्ध्या तुकड्यांची असते, चाळीतल्या दोन बिऱ्हाडांनी मधल्या भिंतीत आपापल्या बाजूने पाइपचा तुकडा बसवावा आणि दोघांची तोंडं बरोब्बर समोरासमोर यावीत तसं. एकेका अर्ध्या तुकड्याला कनेक्सॉन म्हणतात, तो सहा कनेक्सिन प्रोटीन गोलाकार उभी राहून बनतो, म्हणजे पूर्ण नळीत बारा कनेक्सिन. त्या जागी दोन पेशींमध्ये २ ते ४ नॅनोमीटर एवढीच फट उरते. आतून पोटॅशियम-सोडियमसारखे आयन जातात, साधारण १००० डाल्टनपर्यंतचे छोटे रेणूही जातात, प्रोटीन आणि डीएनए मात्र जात नाहीत. आयन गेले म्हणजे करंट गेला, त्यामुळे एक पेशी पेटली की शेजारची पेटते, तिच्यामुळे तिच्या पुढची, आणि अख्खं हृदय एका लाटेत आकुंचन पावतं.

२. कनेक्सिन ४३, ४०, ४५ यातला आकडा म्हणजे काय? मोठा आकडा म्हणजे जास्त करंट का?

नाही. तो आकडा म्हणजे त्या प्रोटीनचं वजन, किलोडाल्टनमध्ये. करंट किती जातो याच्याशी त्याचा काही संबंध नाही, उलट हृदयात सगळ्यात जड असलेलं ४५ हे सगळ्यात कंजूष नळ्यांपैकी एक आहे. एका नळीची वाहकता बघितली तर कनेक्सिन ४० ची साधारण १५० ते २०० पिकोसीमेन्स, ४३ ची १०० च्या आसपास आणि ४५ ची फक्त ३० च्या आसपास. उंदराच्या नोडमध्ये (ठोका सुरू करणाऱ्या किंवा तो जरा थांबवून पुढे सोडणाऱ्या पेशींच्या गाठीत) ३०.२ नावाचं अजून एक सापडतं, त्याची तर ९ च्या आसपासच. जीनची नावं वेगळीच आहेत आणि परीक्षेत तिथेच गोंधळ होतो, तर लक्षात ठेवा: ४३ चा जीन जीजेए१, ४० चा जीजेए५, ४५ चा जीजेसी१. माणसात एकूण २१ कनेक्सिन जीन आहेत, पण हृदयाच्या स्नायूंचं काम मुख्यतः या तिघांवर चालतं.

३. ठोका पसरवायला नर्व्ह लागत नाही का?

लागत नाही. नर्व्ह फक्त वेग कमीजास्त करतात. गर्भात तर हृदय धडधडायला लागतं तेव्हा त्याच्यापर्यंत एकही नर्व्ह पोचलेली नसते. करंट पेशीतून पेशीत जातो हे मात्र लोकांना पटायला फार वेळ लागला. एकोणिसाव्या शतकात एंगेलमानने बघितलं होतं की हृदयाचा तुकडा कापला की कडेच्या जखमी पेशी थोड्या वेळाने उरलेल्या स्नायूपासून विजेच्या दृष्टीने तुटतात आणि बाकीचा स्नायू वाचतो, म्हणजे जोड आहेत आणि ते बंदही होऊ शकतात. पुढे सिल्व्हिओ वाइडमानने १९५२ मध्ये पर्किंजे फायबर (खालच्या कप्प्यांत वीज झपाट्याने पसरवणारा स्नायूचा धागा) केबलसारखं वागतं हे मोजून दाखवलं, १९६६ मध्ये रेडिओॲक्टिव्ह पोटॅशियम पेशीमागून पेशी ओलांडत जातं हेही दाखवलं, आणि लगेच १९६७ मध्ये रेव्हेल आणि कार्नोव्स्की यांना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्या जागेची षटकोनी नक्षी दिसली. कनेक्सिन ४३ चा जीन रॅटच्या हृदयातून १९८७ मध्ये मिळाला, बायर, पॉल आणि गुडइनफ यांना.

४. गर्भात पहिलं काय सुरू होतं, वीज की ठोका? आणि कितव्या दिवशी?

वीज आधी. हे कोंबडीच्या अंड्यातल्या भ्रूणावर फार सुंदर दाखवलं गेलं. जपानात कामिनो, हिरोता आणि फुजी यांनी १९८१ मध्ये व्होल्टेजनुसार बदलणारा रंग भ्रूणाच्या हृदयावर टाकला, कारण ते हृदय इतकं इवलंसं असतं की इलेक्ट्रोड खुपसून नीट मोजमाप होत नाही, आणि त्यांना दिसलं की ७-८ सोमाइटच्या (भ्रूणाच्या पाठीकडे जोडीजोडीने उगवणारे ठोकळे, त्यांच्या संख्येवरून वय मोजतात) टप्प्यालाच विजेचे नियमित ठोके पडतायत, स्नायू हलायच्या आधीच. हलणं त्यानंतर थोड्याच वेळात सुरू होतं, म्हणजे अंडं उबवायला ठेवल्यापासून दीड दिवसाच्या आत-बाहेर. उंदरात आठव्या दिवसाच्या आसपास आणि माणसात गर्भधारणेपासून साधारण २२ व्या दिवशी.

इथे आईबाबांचा एक हिशोब चुकतो. डॉक्टर आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणून २२ वा दिवस म्हणजे त्यांच्या भाषेत पाच आठवडे उलटून गेलेले, आणि सोनोग्राफीत दिसायला सहावा आठवडा उजाडतो. तेव्हा ठोके मिनिटाला १००-११० असतात, नवव्या-दहाव्या आठवड्यात १७० च्या आसपास चढतात आणि मग परत उतरतात.

५. सुरुवातीचं हृदय म्हणजे साधी नळी, त्यात नोड नाही, झडपा नाहीत, मग रक्त एकाच दिशेने कसं जातं?

हळूपणामुळे. या नळीत जोड कमी असतात आणि जे असतात ते मुख्यतः कंजूष कनेक्सिन ४५ चे, त्यामुळे लाट सेकंदाला सेंटिमीटरभर किंवा त्याहूनही कमी वेगाने सरकते. ठोका आत येणाऱ्या शिरांच्या टोकाला सुरू होतो, कारण तिथल्या पेशी आपोआप पेटण्यात सगळ्यात जलद, आणि आकुंचन बाहेर जाणाऱ्या टोकाकडे हळूहळू सरकत जातं, रक्त त्याच्यापुढे ढकललं जातं. समजा याच नळीत वीज एकदम जोरात धावली असती तर सगळी नळी एकाच क्षणी आवळली गेली असती, आणि झडपा नसल्यामुळे रक्त दोन्हीकडे उडालं असतं. नळीच्या आतल्या बाजूला जेलीसारखा जाड थर असतो, आवळल्यावर तो भोक बंद करायला मदत करतो, आणि पुढे त्याच भागातल्या उशांपासून झडपा घडतात.

६. मग जलद भाग आणि हळू भाग वेगळे होतात कधी, आणि ते ठरवतं कोण?

माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा हाच आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

नळी वळायला लागते आणि तिच्या बाहेरच्या बाजूला फुगे येतात, तेच पुढे कप्पे होतात. वरचे दोन म्हणजे एट्रियम, खालचे दोन म्हणजे व्हेंट्रिकल. या फुगणाऱ्या भागात कनेक्सिन ४० आणि ४३ तयार व्हायला लागतात, जलद सोडियम चॅनेलही (पेशी पेटवणारी सोडियमची दारं) वाढतात, आणि लाट तिथे पटकन पळायला लागते. पण दोन फुग्यांच्या मधला पट्टा, ज्याला एव्ही कॅनाल म्हणतात, तो तसाच जुन्या नळीसारखा राहतो, हळू. आता लाट वरच्या कप्प्यात पटकन पसरते, मधल्या पट्ट्यात रेंगाळते आणि मग खालच्या कप्प्यात पटकन पसरते. म्हणजे ज्या थांब्यामुळे आधी वरचे कप्पे रिकामे होतात आणि मग खालचे आवळतात, तो थांबा एव्ही नोड (मोठ्यांमध्ये हाच थांबा देणारी गाठ) दिसण्याच्या कितीतरी आधी तयार असतो. या भ्रूणाचा ईसीजी काढला तर तो मोठ्या माणसाच्या ईसीजीसारखाच दिसतो, आणि आत नोड म्हणून बोट दाखवता येईल असं अजून काहीच नसतं.

ठरवणारे आहेत टीबॉक्स घराण्यातले जीन. टीबीएक्स५ हा एनकेएक्स२-५ च्या जोडीने कनेक्सिन ४० चा जीन चालू करतो. टीबीएक्स२ आणि टीबीएक्स३ नेमके त्याच ठिकाणी बसून तो दाबतात, आणि हे दोघं फक्त तिथेच असतात जिथे हृदयाला हळू राहायचंय, म्हणजे एव्ही कॅनालमध्ये, आणि टीबीएक्स३ एसए नोडमध्येसुद्धा, म्हणजे ठोका जिथे सुरू होतो त्या गाठीत. ॲम्स्टरडॅमच्या मूरमन आणि क्रिस्टॉफेल्स यांच्या गटाने या चित्राचा मोठा भाग जोडला. थोडक्यात हळूपणा म्हणजे विकास मागे राहिला असं नाही, तिथे कामावर जीन नेमलेत, वेगवान होऊ द्यायचं नाही म्हणून. उंदराच्या भ्रूणात टीबीएक्स३ नको तिथे चालू केला की तिथले कप्प्याचे जीन दबतात, इतका तो ठाम आहे.

७. कुठल्या भागात कुठलं कनेक्सिन, एकदाच सांगून टाका.

एसए आणि एव्ही नोडमध्ये मुख्यतः ४५, उंदरात सोबत ३०.२, आणि ४३ जवळपास नाहीच. एट्रियममध्ये ४० आणि ४३ दोन्ही. व्हेंट्रिकलच्या कामकरी स्नायूत ४३. हिज बंडल (एव्ही नोडमधून खाली वीज नेणारा जुडगा), त्याच्या फांद्या आणि पर्किंजेमध्ये भरपूर ४०, सोबत ४५, आणि टोकाकडे जाताना ४३ सुद्धा. भ्रूणात सगळ्यात आधी सगळीकडे ४५ असतं आणि मग मोठ्या भागातून ते ओसरतं. एक सावधगिरी: उंदराच्या भ्रूणात ४० खालच्या कप्प्यांच्या आतल्या जाळीदार स्नायूतही भरपूर असतं, म्हणून "४० म्हणजे एट्रियम आणि कंडक्शन सिस्टिम" हे मोठ्या प्राण्यापुरतं खरं. का ते पुढच्या उत्तरात.

८. पर्किंजे फायबर येतात कुठून? नर्व्हपासून बनतात का?

नाही, ते स्नायूच आहेत. व्हेंट्रिकलच्या आतल्या बाजूला गर्भात स्नायूंच्या दोऱ्यांचं जाळं असतं, ट्रॅबेक्युली म्हणतात त्याला, त्यातल्याच पेशींतून हे फायबर घडतात आणि कनेक्सिन ४० टिकवून ठेवतात. उंदरात ४० च्या जीनला हिरवा चमकणारा टॅग लावला की पूर्ण जाळं आतून उजळलेलं दिसतं, ज्यांना या विषयाची गोडी लागायचीय त्यांनी तो फोटो शोधून बघाच. कोंबडीत एंडोथेलिन-१ हा संदेश मिळाला की साधी स्नायूपेशी पर्किंजेच्या वाटेला लागते हे गुर्डी यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवलं, उंदरात तसंच काम न्यूरेग्युलिन करतं.

हे जाळं कामाला लागलं की दिशाच बदलते. आधी खालच्या कप्प्यात लाट वरच्या रुंद बाजूकडून खालच्या टोकाकडे जायची, आता वीज जाळ्यातून झपाट्याने खाली टोकापर्यंत जाते आणि तिथून वर येते. बाहेर जाणाऱ्या रक्तवाहिन्या वरच्या बाजूला असतात, म्हणून रक्त खालून वर पिळलं जाणंच सोयीचं.

९. गॅप जंक्शन जास्त तर वेग जास्त, आणि वेग जास्त तर चांगलं, बरोबर ना?

दोन्ही अर्धवट बरोबर. वेग तीन गोष्टींवर ठरतो: पेशी किती जोरात पेटते म्हणजे सोडियम चॅनेल किती, पेशी केवढी आहे, आणि जोड किती नि कुठे आहेत. भ्रूणाची पेशी छोटी असते, म्हणजे तेवढ्याच अंतरात लाटेला जास्त जोड ओलांडावे लागतात, तिथेच वेळ जातो. मोठ्या माणसात एव्ही नोडमध्ये वेग सेकंदाला ५ सेंटिमीटरच्या आसपास आणि पर्किंजेमध्ये २ ते ४ मीटर, एवढा फरक नुसत्या कनेक्सिनने पडत नाही.

दुसरं म्हणजे जोड कमी झाले की लाट लगेच अडखळते असंही नाही. शॉ आणि रुडी यांनी १९९७ मध्ये कॉम्प्युटर मॉडेलमध्ये दाखवलं की जोड कमी करत नेले तर वेग घटतो पण काही मर्यादेपर्यंत लाट उलट जास्त भरवशाची होते, कारण पेशीचा करंट शेजाऱ्यांकडे कमी गळतो. फारच कमी केले तर मात्र थांबते. आणि एसए नोड बघा, मूठभर पेशींनी एवढ्या मोठ्या एट्रियमला हलवायचं असतं, त्यांचे जोड घट्ट असते तर एट्रियमच्या शांत पेशींनी त्यांनाच खाली ओढून धरलं असतं आणि ठोका सुरूच झाला नसता.

१०. कनेक्सिन ४३ काढलं तर उंदराचं पिल्लू मरतं असं पुस्तकात आहे, म्हणजे हृदय धडधडतच नाही?

धडधडतं. रॉम आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हा उंदीर बनवला तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं की भ्रूण लवकरच मरेल, पण पिल्लं पूर्ण दिवस भरून जन्मली आणि जन्मल्यावर लगेच मेली, कारण उजव्या व्हेंट्रिकलमधून फुप्फुसाकडे जाणारा रस्ता फुगून तुंबलेला होता. गर्भात फुप्फुसांचं काम नसतं म्हणून तोपर्यंत निभावलं. म्हणजे मृत्यू विजेमुळे नाही, घडणीतल्या दोषामुळे.

४३ चा घडणीशी काय संबंध, तर मानेच्या भागातून हृदयाकडे चालत येणाऱ्या न्यूरल क्रेस्ट पेशी ४३ वापरतात, त्याच्याविना त्यांचं चालणं बिघडतं. आणि उलटा प्रयोगही झालाय, सेसिलिया लो यांच्या गटाने ४३ गरजेपेक्षा जास्त तयार करणारे उंदीर बनवले तर त्यांच्यातही त्याच भागात दोष आले. कमी नको आणि जास्तही नको. शिवाय कनेक्सिन फक्त विजेची तार नाही, हे इथून डोक्यात पक्कं बसायला हवं.

११. आणि फक्त हृदयाच्या स्नायूतूनच ४३ काढलं तर?

हा प्रयोग गुटश्टाइन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये केला. पिल्लं नीट जन्मली, हृदयाची घडण ठीक, आकुंचनाची ताकद ठीक, आणि दोन महिन्यांच्या आत जवळपास सगळी अचानक ॲरिदमियाने (ठोक्यांची लय बिघडून) मेली. वेग बराच घटला होता पण शून्य झाला नव्हता, आणि लोक इथेच अडतात, की मुख्य जोड गेल्यावर लाट जातेच कशी. एक तर ४५ चे थोडे जोड उरतात. दुसरं असं की दोन पेशींच्या मधल्या अरुंद फटीत सोडियम चॅनेल समोरासमोर दाटीने बसलेले असतात, एका बाजूने सोडियम आत ओढला गेला की फटीतलं व्होल्टेज बदलतं आणि समोरची पेशी नळीशिवायही पेटू शकते, याला इफॅप्टिक कपलिंग म्हणतात. प्रत्यक्ष हृदयात त्याचा वाटा किती यावर अजून वाद चालू आहे.

१२. ४५ आणि ४० काढल्यावर काय होतं?

४५ काढलं तर भ्रूण दहाव्या दिवसाच्या आसपास मरतो. सन २००० मध्ये दोन गटांनी हे स्वतंत्रपणे दाखवलं. पहिले ठोके पडतात, मग दिवसभरातच कंडक्शन ब्लॉक येतो म्हणजे वीज मधेच अडते, झडपांच्या उशा नीट बनत नाहीत, रक्तवाहिन्याही बिघडतात. सगळ्यात कंजूष नळी, आणि तीच सुरुवातीला सगळ्यात गरजेची, कारण तेव्हा दुसरं फारसं कोणी नसतंच, प्रश्न ५ बघा.

४० काढलं तर उंदीर जगतो, त्याला पिल्लंही होतात, पण ईसीजीत पीआर (वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत वीज पोचायला लागणारा वेळ) लांबतो, बंडल ब्रांच ब्लॉक म्हणजे हिज बंडलच्या फांदीतला अडथळा दिसतो. हे १९९८ मध्ये दोन गटांनी दाखवलं.

१३. एकाच्या जागी दुसरं कनेक्सिन बसवलं तर चालतं का?

बऱ्यापैकी, पण पूर्ण नाही. जर्मनीत विलेके यांच्या गटाने २००० मध्ये ४३ च्या जागी ३२ किंवा ४० चा जीन बसवला. ४३ अजिबात नसलेली पिल्लं मरत होती, ही जगली, हृदयात किरकोळ दोष राहिले, पण नर मात्र प्रजननक्षम राहिले नाहीत. म्हणजे वीज न्यायला कुठलीही नळी बऱ्याच अंशी चालते, बाकीची कामं मात्र प्रत्येकाची वेगळी.

याच्याशी जोडलेला प्रश्न असतो की एका पेशीचं ४० दुसऱ्या पेशीच्या ४३ शी जुळतं का. बहुतेक प्रयोगांत ही जोडी जमत नाही किंवा फारच कमी जमते, काहींना ती जमलेली दिसलीये. ४५ मात्र दोघांशी जुळतं, आणि नोड किंवा पर्किंजे जिथे साध्या स्नायूला भेटतात तिथे ते असतं, हे लक्षात घेण्यासारखं.

१४. माणसात कनेक्सिनचे (हृदयाच्या पेशींना विजेने जोडणाऱ्या नळ्यांच्या प्रोटीनचे) जीन बिघडले तर बाळाला हृदयरोग होतो का?

कधी कधी, पण वाटतं तेवढं सरळ नाही. जीजेए१ म्हणजे कनेक्सिन ४३ चा जीन बिघडल्यावर होणारा ओळखीचा आजार म्हणजे ऑक्युलोडेंटोडिजिटल डिस्प्लेशिया, त्याचं कारण २००३ मध्ये सापडलं. त्यात बोटं जुळलेली असतात, बहुधा करंगळी आणि शेजारचं, दात छोटे आणि एनॅमल कच्चं, डोळे लहान. हृदयाचा त्रास काहींनाच असतो. दोनपैकी एकच प्रत बिघडलेली असते, हृदयात साठा भरपूर असल्याने थोडी घट खपून जात असावी.

१९९५ मध्ये असा एक पेपर आला होता की हृदय उलटसुलट बाजूला असलेल्या मुलांमध्ये कनेक्सिन ४३ चे बदल सापडले. नंतर बऱ्याच गटांनी तशाच मुलांत शोधलं आणि त्यांना ते सापडले नाहीत. जुन्या नोट्समध्ये ते वाक्य अजूनही फिरतंय, ते खोडून टाका.

जीजेए५ म्हणजे कनेक्सिन ४० चा जीन क्रोमोसोमच्या ज्या १क्यू२१.१ भागात आहे त्याची जादा प्रत फॅलोट टेट्रालॉजी या जन्मजात हृदयदोषाच्या रुग्णांत अपेक्षेपेक्षा जास्त वेळा दिसते. आणि २००६ मध्ये एट्रियल फिब्रिलेशनच्या (वरच्या कप्प्यांची लय बिघडलेल्या) १५ रुग्णांपैकी ४ जणांत जीजेए५ मध्ये बदल मिळाले, त्यातल्या तिघांत तो फक्त हृदयाच्या पेशींत होता, रक्तात नव्हताच, म्हणजे तो बदल आईबाबांकडून न येता गर्भात हृदय घडतानाच झालेला असणार. वरच्या पातळीवरचे, म्हणजे कनेक्सिनचे जीन चालू-बंद करणारे जीन बिघडले तर चित्र जास्त स्पष्ट असतं: टीबीएक्स५ मुळे होल्ट-ओराम सिंड्रोम, हाताच्या हाडात दोष, वरच्या कप्प्यांच्या पडद्याला भोक आणि कंडक्शनची गडबड, एनकेएक्स२-५ मुळे भोक आणि सोबत एव्ही ब्लॉक, हे १९९८ मध्ये कळलं.

१५. सोनोग्राफीत बाळाचे ठोके ६० सांगितले, हार्ट ब्लॉक म्हणाले. कनेक्सिनचा बिघाड असेल का?

बहुतेक वेळा नाही. ब्लॉक म्हणजे वरच्या कप्प्यांतली वीज खालच्या कप्प्यांपर्यंत न पोचणं. आधी हे बघायचं की खरंच ब्लॉक आहे का, कारण बाळाचे वरच्या कप्प्यातले अवेळी ठोके खाली पोचले नाहीत तरी आकडा कमी दिसतो आणि ते बहुधा आपोआप जातं. फीटल इकोमध्ये (बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी) वरचे कप्पे आणि खालचे कप्पे वेगवेगळे मोजून हे कळतं.

खरा पूर्ण ब्लॉक असेल आणि हृदयाची घडण ठीक असेल तर पहिला संशय आईच्या रक्तातल्या अँटी-रो अँटिबॉडीवर. त्या प्लासेंटातून बाळाकडे जातात, एव्ही नोडच्या (वरून खाली वीज नेणाऱ्या गाठीच्या) भागात सूज आणि व्रण करतात, कॅल्शियम चॅनेलवरही परिणाम करतात. हे साधारण १८ ते २४ आठवड्यांत होतं. आईला स्वतःला ल्युपस किंवा श्योग्रेनचा (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचे आजार) काहीच त्रास नसू शकतो, अँटिबॉडी आहेत हे अनेकींना बाळामुळेच कळतं, आणि यात आईने काही खाल्लं किंवा केलं म्हणून झालं असं अजिबात नसतं, हे घरातल्या मोठ्यांनाही सांगा. अँटिबॉडी असलेल्या आईच्या बाळाला ब्लॉक होण्याची शक्यता १ ते २ टक्के, पण आधीच्या बाळाला झाला असेल तर पुढच्या वेळी १६ ते १८ टक्के. त्या पुढच्या गर्भारपणात हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेतल्याने ही शक्यता निम्म्याहून कमी झाली, ७.४ टक्क्यांवर आली, असं २०२० च्या अभ्यासात दिसलं. ते घ्यायचं का आणि कधीपासून हे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट आणि फीटल मेडिसिनच्या डॉक्टरांशी बोलूनच, आणि शक्यतो पुढचं बाळ राहायच्या आधी बोला. घडणीतच दोष असेल, म्हणजे कप्पे अदलाबदल झालेले वगैरे, तर ब्लॉकचं कारण वेगळं असतं.

१६. बाळाला "एक्स्ट्रा रस्ता" आहे म्हणाले. तो गॅप जंक्शनचा दोष का?

नाही, तो भिंतीचा दोष. गर्भात आधी वरचे आणि खालचे कप्पे स्नायूनेच सलग जोडलेले असतात. मग एव्ही कॅनालच्या (वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या पट्ट्याच्या) भोवती तंतुमय कडं तयार होतं, ते वीज नेत नाही, आणि हिज बंडल एवढाच रस्ता उरतो. कडं अपुरं राहिलं की मधून स्नायूची दोरी उरते, तिच्यातून वीज एव्ही नोडच्या थांब्याला वळसा घालून जाते, डब्ल्यूपीडब्ल्यू म्हणतात ते हेच. ती दोरी वीज नेते तीही गॅप जंक्शनमधूनच, पण जोड नीट असतात, जागा चुकलेली असते. कडं पूर्ण व्हायचं काम जन्माच्या आसपासही चालू असतं, म्हणून तान्ह्या बाळांमधला असा जलद ठोक्यांचा त्रास पुष्कळदा वर्षभरात थांबतो. तोपर्यंत डॉक्टरांनी दिलेलं औषध मनाने बंद करू नका.

१७. जन्माच्या वेळी जोड पूर्ण तयार असतात का?

नसतात. तान्ह्या बाळाच्या हृदयपेशीत ४३ चे ठिपके पेशीच्या सगळ्या बाजूंना विखुरलेले असतात, मग पेशी लांब होत जाते तसे ते दोन टोकांकडे, इंटरकॅलेटेड डिस्कमध्ये, गोळा होतात. पीटर्स, सेव्हर्स आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये माणसांत हे बघितलं, मोठ्यांसारखी मांडणी व्हायला साधारण सहा-सात वर्षं लागतात. म्हणजे मूल पहिलीत जाईपर्यंत हे काम चालू. आणि तयार झालेलाही जोड कायमचा नसतो, रॅटच्या हृदयात कनेक्सिन ४३ चं अर्धायुष्य दीड तासाच्याही आत मोजलंय, मांडणी तीच राहते पण प्रोटीन सतत बदललं जातं.

१८. गॅप जंक्शन उघडणारं औषध आहे का?

हृदयासाठी रोजच्या वापरात नाही. रोटिगॅप्टाइड नावाच्या छोट्या पेप्टाइडने प्राण्यांमध्ये जोड सुधारलेले दिसले, पण दवाखान्यापर्यंत आलं नाही. प्रश्न ९ वाचला असेल तर अडचण कळेल, सगळीकडे एकदम उघडून भागत नाही.

१९. लॅबमध्ये बनवलेल्या हृदयपेशी लावल्या तर त्या आपोआप जुळतात ना?

जुळतात, पण गर्भातल्या बाळाच्या पेशीसारख्या. स्टेम सेलपासून बनवलेल्या पेशी गर्भातल्या वयाच्या असतात, छोट्या, ४३ कमी आणि चहूबाजूंना विखुरलेलं, शिवाय आपोआप पेटायची सवय न गेलेली. २०१४ मध्ये माकडांच्या हृदयात अशा पेशी लावल्या, त्या मूळ स्नायूशी विजेने जोडल्या गेल्या ही मोठी गोष्ट होती, पण ॲरिदमियाही झाले. पेशींना आधी प्रौढ कसं करायचं यावर आता बरंच काम चालतं.

२०. माझ्या स्लाइडवर भ्रूणाच्या नोडमध्ये ठिपके दिसलेच नाहीत, म्हणजे तिथे गॅप जंक्शन नाहीत असं लिहू का?

लिहू नका. नोडमधले आणि लवकरच्या भ्रूणातले जोड इतके छोटे आणि विखुरलेले असतात की साध्या फ्लुरोसेन्स मायक्रोस्कोपखाली ते सहज निसटतात. "दिसले नाहीत" असं लिहा, सोबत कुठली अँटिबॉडी, कुठलं लेन्स, तेही लिहा. उलटी चूकही झालेली आहे, ४५ ची एकेकाळी वापरात असलेली अँटिबॉडी ४३ लाही चिकटायची, त्यामुळे व्हेंट्रिकलभर ४५ आहे असं बरेच दिवस समजलं जात होतं, १९९८ च्या सुमारास तपासल्यावर कळलं की मोठ्या उंदरा-रॅटमध्ये ते मुख्यतः कंडक्शन सिस्टिममध्येच आहे. म्हणून शक्य असेल तर ज्या उंदरात तो जीनच नाही त्याचा टिश्यू कंट्रोल म्हणून ठेवा (४५ साठी अख्खा उंदीर जगत नाही, प्रश्न १२, तिथे साडेनऊ दिवसांचा भ्रूण चालतो), आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप मिळत असेल तर एकदा तरी त्याखाली बघा.